मुंबईत वाढलेला कुवेतचा सूर

आजीच्या नथीतले मोती कुठले, असं विचारलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं असतं: बसऱ्याचे. कुवेतला येईपर्यंत मीही तसंच समजत होते. इथे आल्यावर कळलं की बसरा हे नुसतं बाजाराचं नाव. मोती निघायचे ते आखातातल्या उथळ समुद्रातून. ते काढायला नाकाला चिमटा लावून, पायाशी दगडाचं वजन घेऊन खाली जायचे ते कुवेत आणि बहारीनचे पाणबुडे. मग ते मोती जहाजाने मुंबईला जायचे, आणि तिथून सोनारामार्फत आपल्या आज्या-पणज्यांच्या नथीत.

म्हणजे गंमत बघा, आपण पोटासाठी मुंबईहून कुवेतला आलो, त्याच्या कितीतरी आधी कुवेतची माणसं पोटासाठी मुंबईला जात होती. त्यांच्या तिथे पेढ्या होत्या, बिऱ्हाडं होती. १९६१ साली दिनार आला, तोपर्यंत इथल्या बाजारात रुपयाच चालायचा. जुन्या कुवेती माणसाच्या बोलण्याकडे नीट कान द्या. बटाट्याला आलू, पंख्याला बंका, पायातल्या जोड्याला जूती, सरळ जा म्हणायचं तर सीदा. हे शब्द काही कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही. ते जहाजातून आले.

त्याच जहाजातून आणखी एक गोष्ट आली, तिची मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना कल्पना असते. कुवेतचं म्हणून जे संगीत ओळखलं जातं, ज्याला इथे सौत म्हणतात, ते ज्याच्या नावाशी जोडलेलं आहे तो माणूस आपल्या मुंबईत लहानाचा मोठा झाला. त्याचं नाव अब्दुल्ला अल-फरज. कुवेतच्या संगीताचा इतिहास सांगायचा तर सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते. यंदाच्या अंकासाठी काय लिहावं असा विचार चालला होता, तेव्हा वाटलं, आपल्या या उलट्या दिशेच्या शेजाऱ्याची ओळख करून घ्यावी.

अब्दुल्ला अल-फरज यांचा जन्म १८३६ सालचा, कुवेतमधला. त्या वेळचं कुवेत डोळ्यांपुढे आणायचं तर आजचे मनोरे, सहा पदरी रस्ते, मॉल, सगळं पुसून टाकावं लागेल. समुद्राच्या काठाला चिकटलेलं मातीच्या घरांचं एक गाव. मागे वाळवंट, पुढे पाणी. नदी नाही, डोंगर नाही, शेती जवळजवळ नाही. विहिरींचं पाणी मचूळ. खजूर बसऱ्याकडून यायचा, तांदूळ आणि जहाजाचं सागवानी लाकूड हिंदुस्थानातून. गावाकडे स्वतःचं म्हणावं असं दोनच गोष्टी होत्या, उत्तम जहाजं आणि ती चालवणारी माणसं. उन्हाळ्याचे चार महिने मोत्यांचा हंगाम. पाऊस संपून समुद्र शांत झाला की खजूर भरून व्यापारी जहाजं हिंदुस्थानच्या वाटेला लागायची. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटतात, त्यानंतरचाच तो काळ. मुंबईच्या बंदरात आखाताचा नवा खजूर उतरायचा तो साधारण आपल्या दसरा-दिवाळीच्या आगेमागे.

अब्दुल्लांचे वडील मोहम्मद अल-फरज हे अशाच समुद्री व्यापारातले मोठे नाव. घराणं दवासिर जमातीचं, पैशाअडक्याची ददात नव्हती. व्यापार मुंबईशी, तेव्हा मुक्कामही मुंबईला. मुलाला त्यांनी लहानपणीच तिकडे नेलं. आज साडेतीन-चार तासांत होणाऱ्या या प्रवासाला तेव्हा काही आठवडे लागत आणि सगळी भिस्त वाऱ्यावर. प्रत्येक मोठ्या जहाजावर एक गाणारा असे, त्याला नह्हाम म्हणतात. शीड चढवताना, नांगर ओढताना तो सूर धरायचा आणि खलाशी त्याला घुमारा द्यायचे. आपल्याकडे मोट हाकताना किंवा जात्यावर बसताना गाणं आपोआप यायचं ना, तसंच. हे गाणं करमणुकीचं नव्हे, कामाचं. लहानग्या अब्दुल्लाच्या कानावर पडलेलं पहिलं संगीत हेच असणार.

मुंबईत मात्र कानांपुढे दुसरंच जग उघडलं. १८४०-५० ची मुंबई म्हणजे अठरापगड लोकांची. पारशी, बोहरी, भाटिये, कोकणी मुसलमान, आपली घाटावरची आणि कोकणातली मंडळी, इराणी, आणि भेंडी बाजाराच्या बाजूला अरब. अरबी घोड्यांचा व्यापार तर मुंबईत नावाजलेला. अब्दुल्ला सतरा वर्षांचे असताना, १८५३ साली, बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. त्याच वर्षी विष्णुदास भाव्यांची नाटकमंडळीही सांगलीकडून मुंबईत येऊन खेळ करून गेली. शहराला नाट्यसंगीताची चटक लागायची होती, पण गाण्याचा नाद आधीपासूनच होता.

अब्दुल्लांचं शिक्षण इथेच झालं. अरबी घरची भाषा, हिंदुस्थानी बाजारातली. व्यापाऱ्याच्या मुलाने शिकायचं ते हिशेब, पत्रव्यवहार, मालाची पारख. पण या मुलाचं मन बसलं ते ऊद या वाद्यावर. ऊद म्हणजे अर्ध्या कापलेल्या मोठ्या पेअरसारख्या पोटाचं, आखूड मानेचं तंतुवाद्य. सतारीला असतात तसे पडदे त्याला नसतात, त्यामुळे दोन सुरांच्या मधल्या जागाही बोटाने काढता येतात. मुंबईत त्या काळी येमेन, हद्रमौत, हिजाझकडचे अरबही पुष्कळ असत आणि त्यांच्यात चांगले गाणारे-वाजवणारे होते. आजही सौतमध्ये गायल्या जाणाऱ्या कित्येक कविता येमेनी कवींच्या आहेत, त्याचं मूळ या भेटीगाठींत आहे. शिवाय आजूबाजूला हिंदुस्थानी संगीत होतंच. अब्दुल्लांनी तेही नीट शिकून घेतलं, असं इथले जाणकार सांगतात. ते कविताही करू लागले. पुस्तकी अरबीत आणि बदूंच्या बोलीतही. या बोलीतल्या कवितेला नबाती म्हणतात, आणि आखातात ती आजही इतकी लाडकी आहे की आपल्याकडे ओवी आणि लावणीला जी जागा, ती तिला.

पुढे वडील गेले. मोठी मालमत्ता मुलाच्या हाती आली. इथून गोष्ट आपल्या ओळखीच्या वळणाने जाते. पेढीवर बसण्यापेक्षा मैफलीत बसणं त्यांना जास्त आवडायचं. दोस्त, गवय्ये, वादक, येणारे-जाणारे, सगळ्यांसाठी घर उघडं. खर्चाला हात आखडणं स्वभावात नव्हतं. हळूहळू वडिलांनी जमवलेलं सगळं गेलं. व्यापारी घराण्याच्या वहीत हा मुलगा तोट्याच्या बाजूला लिहिला गेला असणार, यात शंका नाही. आपल्याकडेही अशा मुलाला एकच शब्द आहे, उधळ्या. शेवटी अब्दुल्ला अल-फरज मुंबई सोडून कुवेतला परत आले.

ही घरवापसी कशी असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. आपल्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात परत जाण्याचं एक चित्र असतं. गावात बंगला, बँकेत ठेवी, मुलं मार्गाला लागलेली. बाहेर राहिलेल्या माणसाने भरल्या हातांनीच परत यायचं, हा अलिखित नियम. आणि हा माणूस तर जहाजांच्या मालकाचा मुलगा. गावातले लोक काय बोलले असतील ते सांगायला नको. बरोबर आणलेली मिळकत म्हणजे एक ऊद, कवितांची वही आणि डोक्यात साठलेले सूर.

पण त्या मिळकतीचं त्यांनी काय केलं, ते बघण्यासारखं आहे. त्यांनी मुंबईचं गाणं जसंच्या तसं कुवेतमध्ये लावलं नाही. तसं केलं असतं तर चार दिवसांची नवलाई होऊन ते विरून गेलं असतं. त्यांनी गावातलं जे होतं त्याच्याशी बाहेरून आणलेलं जोडलं. कविता अरबी, कधी पुस्तकी तर कधी बोलीतली. ऊदावरची हुकमत परदेशात कमावलेली. आणि खाली ताल मात्र गावाचा.

सौत (हिंदीतल्या सौतीशी याचा काही संबंध नाही, अरबीत याचा अर्थ नुसता आवाज) ऐकताना पहिल्यांदा लक्षात राहतो तो तालच. मिरवास नावाचा एक लहानसा ढोल असतो, हातात मावेल एवढा, दोन्ही तोंडांना कातडं. असे तीन-चार मिरवास एकदम वाजतात, पण सगळे सारखे नव्हे. एकाने सोडलेल्या जागेत दुसरा घुसतो. वर टाळ्या. त्याही दोन गटांत, एकमेकांच्या मधल्या फटी भरणाऱ्या. ऐकणारे नुसते ऐकत बसत नाहीत, तेच टाळ्या वाजवतात, म्हणजे श्रोता आणि वादक असा भेद राहत नाही. आपल्या भजनात टाळकरी असतात तसंच. सहा मात्रांच्या प्रकाराला अरबी म्हणतात, चार मात्रांच्या प्रकाराला शामी. गाणारा बहुधा स्वतःच ऊद वाजवतो. सुरुवात संथ, ऊद छेडत, ताल नसलेली. मग मिरवास उठतात. मध्येच दोघेजण उठून बैठकीच्या मधल्या जागेत नाचतात, पुढे येतात, मागे सरतात, उडी मारून गुडघ्यावर बसतात. त्याला झफान म्हणतात. शेवटी तौशीहा म्हणजे समारोपाचं गाणं. आपल्या भैरवीसारखं, ते झालं की लोक समजतात, आता उठायचं.

हे सगळं चालायचं रात्री, घराच्या बैठकीत. अशा रात्रीच्या मैफलीला समरा म्हणतात. समुद्रावरून परतलेली माणसं, महिनोन्महिने घरापासून दूर राहिलेली, मोत्याच्या हंगामासाठी घेतलेल्या उचलीचं कर्ज डोक्यावर असलेली. त्यांना चार तास सगळं विसरायला लावणारी ही जागा. सगळ्यांनाच ती पसंत होती असं नाही. गावात धार्मिक वृत्तीचे लोक पुष्कळ, त्यांना तंतुवाद्य आणि नाच मान्य नसे. खानदानी मुलाने ऊद घेऊन बसावं हे तर फारच झालं. आपल्याकडे घरंदाज मुलाने तमाशाच्या फडात उभं राहण्याला लोक काय म्हणत, ते आठवा. अब्दुल्ला अल-फरज यांनी ही सगळी कुजबुज पत्करली. नव्या चाली बांधल्या, गाणारे तयार केले, कविता केल्या. पैसा पुन्हा आला नाही, पण त्यांच्या चाली समुद्रकाठच्या गावागावांत पोचल्या.

१८९६ साली कुवेतची सत्ता शेख मुबारक यांच्या हाती आली आणि १८९९ साली इंग्रजांशी करार झाला. गावाचे दिवस पालटू लागले होते. त्याच सुमाराला, १९०१ साली, कुवेतमध्येच अब्दुल्ला अल-फरज यांचं निधन झालं. वय पासष्टच्या आसपास. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. ग्रामोफोन आखातात पोचायचा होता. मागे राहिले ते शिष्य, ऐकलेले कान आणि कविता. या कवितांचा दिवाण पुढे त्यांच्याच घराण्यातले कवी खालिद अल-फरज यांनी संकलित केला. हे खालिदही काही वर्षं मुंबईत राहिले आणि तिथे त्यांनी छापखाना चालवला. मुंबईचा धागा असा तुटता तुटला नाही.

गाण्याचंही तसंच झालं. पुढच्या पिढीत युसुफ अल-बक्र, खालिद अल-बक्र अशी नावं येतात. खालिद यांच्याकडे शिकणाऱ्यांत कुवेतमधल्या एका ज्यू कुटुंबातली दोन लहान मुलं होती, सालेह आणि दाऊद. त्यांचा काका व्यापारासाठी हिंदुस्थानात जाऊन आला, तेव्हा भेट म्हणून त्यांच्यासाठी एक व्हायोलिन आणि एक ऊद घेऊन आला. पुढे हे दोघे बगदादला गेले आणि इराकी संगीतातले थोर संगीतकार ठरले. आडनाव मात्र शेवटपर्यंत अल-कुवेती. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून सौतच्या तबकड्या निघू लागल्या, अब्दुल्लतीफ अल-कुवेती यांचा आवाज घरोघर गेला. १९५१ साली कुवेत रेडिओ सुरू झाला आणि एके काळी दार लावून ऐकलं जाणारं गाणं सगळ्या देशाचं झालं. मोत्यांचा धंदा तोवर बसला होता, जपानी कल्चर्ड मोत्यांनी आणि जगभरच्या मंदीने तो १९३० च्या सुमारासच मोडला. तेल आलं, जहाजं किनाऱ्याला लागली, मातीची घरं पाडून नवं शहर उभं राहिलं. जुन्या गावातलं जे थोडं शिल्लक राहिलं, त्यात सौत आहे.

माझ्या मुलाला अमेरिकेत शिकत असताना ब्लूग्रास नावाच्या तिकडच्या डोंगराळ भागातल्या गाण्याची गोडी लागली. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार, आणि उंच पट्टीतला आवाज. ऐकलं की वाटतं, हे तर तिथल्या मातीतून उगवलं असणार. त्याचा जनक म्हणून ज्याला मान देतात तो बिल मन्रो, जन्म १९११, केंटकी राज्यातल्या रोझीन गावचा. आईवडील लवकर गेले. मामा फिडल वाजवायचा, त्याच्या पाठोपाठ गावोगावच्या नाचांना जाऊन हा शिकला, आणि आर्नल्ड शुल्झ या काळ्या गिटारवादकाकडूनही शिकला. वाद्यांची कुळं बघावीत तर फिडलचा बाज स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेला, मँडोलिन इटलीचं, आणि बँजोचं मूळ आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचं. मातीतलं म्हणून जे आपण कौतुकाने ऐकतो, ते निम्मं बोटीतून उतरलेलं असतं.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर १८४९ चे, म्हणजे अब्दुल्लांपेक्षा तेरा वर्षांनी लहान. त्यांनी वणवण करून उत्तरेत ग्वाल्हेरची गायकी मिळवली आणि महाराष्ट्रात आणली. आज ती आपल्याला घरचीच वाटते. आणि ज्या पेटीशिवाय आपलं भजन उभं राहत नाही, ती पेटी तर युरोपातून आलेली. बाहेरून आणलेली वस्तू घरची होते, पण त्यासाठी कुणीतरी ती आणावी लागते, आणि नुसती आणून भागत नाही, गावाच्या तालावर बसवावी लागते. हे काम बहुधा जमाखर्चात न बसणारी माणसंच करतात.

१९९० च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी कुवेत सोडलं, त्यांना रिकाम्या हातांनी परत जाणं म्हणजे काय हे सांगायला नको. फ्लॅट, गाडी, खात्यातले पैसे, सगळं मागे ठेवून, बसने अम्मान गाठून मंडळी मुंबईच्या विमानात बसली. त्यातले पुष्कळजण पुन्हा आले, पुन्हा संसार मांडले. त्या दिवसांच्या गोष्टी निघतात तेव्हा काय गमावलं याची यादी फार लांबत नाही. बोलणं वळतं ते त्या प्रवासात कुणी कुणाला पाणी दिलं, कोणी भजनं म्हटली, याच्याकडे.

आपण इथे काय मिळवलं हा हिशेब प्रत्येकजण मनात करत असतो. मीही करते. दिनार किती रुपयांना झाला हे रोज सकाळी बघते, खोटं कशाला सांगू! पण अब्दुल्ला अल-फरज यांची गोष्ट कळल्यापासून त्या हिशेबात एक रकाना वाढला आहे. या वाळूतून आपण काय घेऊन जाणार, आणि आपलं काय इथे ठेवून जाणार? त्यांच्या वडिलांनी किती जहाजं बाळगली, किती मोती विकले, हे आज कुवेतमध्ये कुणाला आठवत नाही. मुलाने उधळून टाकलेल्या पैशातून जे शिकलं, ते मात्र सव्वाशे वर्षांनंतरही वाजतं आहे.

दिवाळी पहाटेला आपल्या मंडळाची मुलं पेटी-तबल्यावर बसतील. त्यातली निम्मी कुवेतमध्येच जन्मलेली. त्यांना एखादा कुवेती मित्र घरी बोलावून मिरवास हातात देईल, तर जरूर वाजवू द्या. आणि टाळ्यांच्या त्या दोन गटांत आपणही बसावं. ताल चुकला तरी चालेल, शेजारचा सावरून घेतो.

सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!